खिशातून ऐकलेलं

मी बोलतोय म्हटलं तर हसाल, कारण माझं काम ऐकायचं. कानामागे बसणारं, शेंगदाण्यापेक्षा जरा मोठं, कातडीच्या रंगाचं मशीन आहे मी. डबीवर माझं लांबलचक नाव छापलंय, पण घरात ते कोणी घेत नाही. "मशीन घातलंय का?" आणि "मशीन कुठे ठेवलंत?" या दोन वाक्यांत माझं आयुष्य गेलं. लोक मशीनला 'ते' म्हणतात, मी स्वतःला 'तो' म्हणतो. एका पुरुषाच्या कानाला चिकटून इतकी वर्षं काढल्यावर तेवढी सवय लागणारच.

माझा जन्म कुठल्या गावचा, ते मला सांगता येणार नाही. एका थंडगार खोलीत, भिंगाखाली, पातळ हातमोजे घातलेल्या बायका आम्हाला जोडत होत्या. जगात मी ऐकलेला पहिला आवाज म्हणजे त्यांच्यातल्या एकीची शिंक. शेजारची तिला म्हणाली, "हळू गं, उडून जाईल ते. मग बस शोधत." दोघी हसल्या. मग मला डबीत घातलं आणि पुढे बरेच दिवस मी कापसात पडून होतो.

कानाच्या दुकानदारानं ती डबी उघडली ती काकांसाठी. काका म्हणजे माझे मालक. सगळी इमारत त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. काका जन्मभर छापखान्यात मोठ्या छपाईयंत्रावर उभे राहिले. ते यंत्र माझ्या नात्यातलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यानं काकांचा डावा कान पार खाल्ला होता आणि उजवा अर्धा. नोकरी संपली तेव्हा लेकीनं हाताला धरून त्यांना दुकानात आणलं. काका घुश्शात होते.

"मला काही झालेलं नाही. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात."

"सगळेच, बाबा?"

"सगळेच. तुझी आई सोडून."

दुकानदारानं मला उजव्या कानामागे बसवलं, नळी आत सरकवली आणि म्हणाला, जरा चालून बघा. काका चार पावलं चालले आणि थबकले.

"हे काय करकरतंय?"

"तुमचे बूट, बाबा. कधीपासून करकरतायत."

काकांनी खाली वाकून बुटांकडे पाहिलं, आणि मग मुद्दाम दुकानाच्या दारापर्यंत करकरत जाऊन आले. मला वाटलं, नशीब काढलं आपण. या माणसाला ऐकायची हौस आहे.

कसली हौस नि कसलं काय.

छापखान्यातली एक सवय काकांच्या मानेत बसली होती. तिथे यंत्रं सुरू झाली की कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही. समोरच्यानं ओठ हलवायचे, आपण मान हलवायची आणि "हो हो" म्हणायचं. काम इतकं ठरलेलं असायचं, की न ऐकता हो म्हटल्यानं काही बिघडत नसे. समोरचा खूश, आपण मोकळे. निवृत्त होताना काकांनी ही मान आणि हे "हो हो" जसंच्या तसं घरी आणलं.

आणि घरी होत्या काकू.

काकू दिवसभर बोलायच्या. पण ते गाऱ्हाणं नसायचं, आणि कोणाची निंदानालस्ती तर मुळीच नाही. त्या जुन्या वळणाच्या, नवऱ्याचं नाव तोंडातून कधी निघालं नाही. त्याऐवजी "अहो, ऐकलंत का". लग्न झाल्यापासून काकांचं हेच नाव पडलं होतं. स्वयंपाकघरातून "ऐकलंत का", न्हाणीघरातून "ऐकलंत का", जिन्यावरून "ऐकलंत का". आता हा खरं म्हणजे प्रश्न आहे. पण एकदा त्याचं नाव झालं की प्रश्नाला उत्तर देतं कोण? नावाला माणूस फक्त ओ देतो. काका ओ द्यायचे. "हो हो."

"अहो, ऐकलंत का, साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवला. बघा कसा बसलाय, सांधा दिसत नाही."

"हो हो."

"अहो, ऐकलंत का, त्या मोज्याचा जोडीदार सापडला. उशीच्या अभ्र्यात शिरून बसला होता लबाड."

"हो हो."

कधी खालच्या मजल्यावरच्या बाळाला दात आलेला असायचा, आणि ते बाळ तो एकुलता एक दात दाखवायला सारखं हसत सुटलेलं असायचं. कधी दूध अगदी भांड्याच्या काठाला आलेलं असायचं आणि काकू नेमक्या तेव्हाच पोचलेल्या असायच्या. कधी टोपलीतल्या कांद्याला हिरवा कोंब फुटायचा आणि त्याला चिरायचा धीर व्हायचा नाही. सांगून झालं की शेवटी "बरं वाटलं बाई" म्हणायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या.

पहिले काही महिने काका मला घालून हे ऐकत होते. मग कंटाळले. "सकाळपासून साबण आणि मोजे. डोकं उठतं माझं," असं स्वतःशीच पुटपुटायचे. ते फक्त मला ऐकू यायचं. मग एक हात हळूच कानामागे यायचा, मला काढायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. माझ्या पोटात बॅटरीची एक बारीक खिडकी आहे. ती उघडली की मी झोपतो. पण काकांची बोटं जाडजूड, नखं कापलेली. ती खिडकी काही त्यांना उघडायची नाही. म्हणून मी खिशात जागाच असायचो.

खिशातून मी सगळं ऐकलं. साबण ऐकला, मोजे ऐकले, बाळाचा दात ऐकला. आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं. बडबडीच्या नावाखाली काकू दिवसभरातलं एकेक बरं उचलून काकांपुढे ठेवत होत्या. काकांना त्यांचे फक्त ओठ हलताना दिसायचे.

एक भानगड मात्र होती. कापडात दबलो की मी शिट्टी मारतो. आमच्या जातीतला हा दोषच आहे. आपलाच आवाज फिरून आपल्यात येतो आणि आम्ही बारीक आवाजात किंचाळू लागतो. ती शिट्टी काकांना कुठून ऐकू येणार? पण काकूंना यायची. बोलता बोलता त्या थांबायच्या, खिशाकडे बघायच्या. मला वाटायचं, आता कडाक्याचं भांडण होणार. पण त्या पुन्हा त्याच सुरात पुढे बोलू लागायच्या. मी कोड्यात पडायचो. समोरचा माणूस ऐकत नाही हे या बाईला स्वच्छ कळतंय, मग ही बोलते तरी कोणाशी?

एकदा छापखान्यातला जुना सोबती घरी आला होता. त्यानं विचारलं, कानाचं कसं काय? काका डोळा मिचकावून म्हणाले, "बायको बोलकी असली ना, की बहिरेपणाचं दुःख उरत नाही." सोबती खो खो हसला. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्याही हसल्या. हा विनोद आठवला की काका आज बसल्या जागी आकसतात. मला लगेच कळतं, कारण त्यांनी मान आखडली की माझी नळी ताणली जाते.

तो दिवस सांगायलाच हवा. तो टाळून मला पुढे जाता येत नाही.

सकाळची वेळ. काका खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले होते. मी खिशात. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. उजवा हात डाव्या हातात धरलेला.

"अहो, ऐकलंत का, या हाताला काहीतरी होतंय. मुंग्या आल्यासारखं. कप धरवत नाही."

काकांनी वर पाहिलं. ओठ हलताना दिसले. मान हलली. "हो हो."

काकू उभ्याच. मी जोरात शिट्टी मारली. जेवढा जीव होता तेवढी मारली. त्यांनी खिशाकडे पाहिलं. मग जरा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "जरा बघता का. मला भीती वाटतेय."

"हो, ऐकलं," काका म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

काकू आत गेल्या. थोड्या वेळानं कप फुटल्याचा आवाज आला. मग मोठा, मऊ असा एक आवाज, माणूस पडल्याचा. काका वाचत होते. चहा अजून कसा आला नाही म्हणून ते उठले तेव्हा ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं होतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी आहे. उजवा हात गेलाय, वाचा गेलीय, बोललेलं मात्र सगळं समजतंय. लवकर आणलं असतं तर बरंच काही वाचवता आलं असतं. मग त्यांनी विचारलं, "सकाळी काही तक्रार केली होती का त्यांनी? काही म्हणाल्या होत्या?"

तेव्हा मी कानात होतो. घाईघाईत, तिरका, पण कानात होतो. प्रश्न काकांना नीट ऐकू आला. शेजारी लेक उभी होती, आणि समोरच्या खाटेवर काकू डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या.

"नाही," काका म्हणाले. "काही बोलली नाही."

माणसं या प्रकाराला कानावर हात ठेवणं म्हणतात. त्या दिवशी मला तो वाक्प्रचार कळला.

काका वाईट माणूस नाहीत, हे मी त्यांच्या डोक्याच्या इतक्या जवळ राहून सांगतो. काकूंना घरी आणल्यावर त्यांनी काय केलं नाही? भरवलं, पुसलं, केस विंचरले, पाठीला उशा लावल्या. शेजारीपाजारी म्हणायचे, नवरा असावा तर असा. ते ऐकून काका कानकोंडे व्हायचे आणि काहीतरी निमित्त काढून आत जायचे. त्या सकाळी काकूंनी हात पुढे धरला होता हे त्यांना दिसलं होतं. त्या काय म्हणाल्या ते ठाऊक नव्हतं. ते वाक्य दोघांनाच माहीत होतं. एक मी, जो बोलू शकत नाही. दुसऱ्या काकू, त्याही बोलू शकत नव्हत्या.

आणि लेक. ती दर आठवड्याला यायची. आईच्या निर्जीव बोटांना तेल लावायची, एकेक बोट उघडून मिटून बघायची. जीव तुटायचा तिचा. आणि जीव तुटला की ती रागवायची.

"तुझी सवयच आहे आई, सगळं अंगावर काढायचं. एक शब्द बोलली असतीस बाबांना. एक शब्द. मोजे सापडले तर सांगतेस, आणि हे नाही सांगितलंस?"

काकूंचे डोळे भरून यायचे. त्या काकांकडे बघायच्या. काका खिडकीबाहेर बघायचे. त्यांच्या घशाखाली आवंढा उतरताना मी ऐकायचो. तो आवाज कानात फार मोठा होतो.

काकूंना बोलतं करायला एक बाई येऊ लागल्या. दवाखान्यानंच पाठवल्या होत्या. घरात त्यांना 'बोलायच्या बाई' असंच नाव पडलं. पहिल्या दिवशी त्यांनी पाहिलं, तर काका काकूंपुढे बसून "हे काय आहे? सांग. हे काय आहे?" असं चमचा नाचवत होते.

"काका, परीक्षा घेऊ नका त्यांची," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोला. घरात जे चाललंय ते साध्या साध्या वाक्यांत बोलत राहा. दिसेल ते, ऐकू येईल ते. शब्द कानावर पडत राहिले पाहिजेत."

"मी? मला कुठे बोलता येतं? बोलायचं खातं हिचं."

"मग आता तुमचं. सुचेना झालं तर आधी कान द्या. मशीन आहे ना तुमच्याकडे?"

काकांचा हात कानामागे गेला. मी होतो. त्या दिवसापासून ते मला सकाळी डोळे उघडल्याबरोबर चढवायचे आणि झोपतानाच काढायचे. खिसा सुटला तो कायमचा.

बोलायला बसले, पण बोलणार काय? दुसऱ्या दिवशी सकाळी काका काकूंच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले, खाकरले आणि म्हणाले, "दूध." मग बराच वेळ विचार केला. "दूध आहे." पुन्हा विचार. "आज सोमवार आहे." आणि दुकान बंद. काकूंच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला. आजारपणात त्या पहिल्यांदा हसल्या. मला खात्री आहे ते हसूच होतं.

मग काका घरभर फिरून बोलण्याजोगं काही मिळतंय का ते शोधू लागले. न्हाणीघराच्या दारात उभे राहायचे, खिडकीपाशी कानोसा घ्यायचे. मीही हात राखून काम केलं नाही. कपाटाचं दार लावताना आत हँगर एकमेकांवर आपटतात, ते दिलं. शेजारच्या घरातून रोज येणारी खुर्ची सरकवल्याची धडधड दिली. चिमणी गजावर बसते तेव्हा नखांचा होणारा बारीक टकटक आवाज, तोही दिला. काका हरखून जायचे आणि लगबगीनं पलंगाशी यायचे.

"अगं, नळ बंद केला ना, तरी शेवटचा एक थेंब थांबून थांबून पडतो. टप. मग बराच वेळ काही नाही, आणि आपण वळलो की पुन्हा टप. मुद्दाम केल्यासारखा."

काकू मान हलवायच्या.

"अगं, तू झोपलीस ना, की तुझ्या नाकातून बारीक सूं असा आवाज येतो. मला कधी माहीतच नव्हतं."

हळूहळू त्यांना गोडी लागली. चहा उकळायला लागण्याआधी भांडं गुणगुणतं, ते ऐकायला ते शेगडीपाशी मान वाकवून उभे राहायचे. एकदा असंच उभे होते. चहा वर आला, त्यांनी अगदी वेळेवर गॅस बंद केला, आणि तोंडातून निघून गेलं, "बरं वाटलं."

मग ते तिथेच उभे राहिले. चहा गाळलाच नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, तुटक तुटक. हे शब्द कोणाचे आहेत ते त्यांना उमगलं होतं. हेच सगळं रोज त्यांच्या पुढ्यात येत होतं, आणि त्यांनी मला खिशात कोंबून ते दारातूनच परत पाठवलं होतं. नळाच्या एका थेंबानं बरं वाटण्याइतका माणूस सुखी होऊ शकतो, हे त्यांना कळलं खरं, पण प्रत्येक सुखाला ती सकाळ चिकटून यायची. घास गोड लागायचा आणि घशात अडकायचा.

काकूंचे शब्द परतू लागले. आधी "नको". मग "पाणी". मग "बघ", "पुरे", "ऊन". बोलायच्या बाई खूश झाल्या. काकाही आनंदानं टाळ्या पिटायचे, पण मी त्यांच्या कानशिलाला टेकलेला असतो, मला तिथली नाडी कळते. काकूंनी तोंड उघडलं की ती धडधडायची. दिवसभर तिनं बोलावं म्हणून हा माणूस धडपडायचा, आणि ती बोलायला लागली की घाबरायचा. आणखी थोडे शब्द आले की ती सांगणार. लेकीला कळणार. लेक गेली की मग उरलं काय?

मला मनातून वाटायचं, काका, तिनं सांगायच्या आधी तुम्ही सांगा. पण माझा आवाज कानाच्या आत जात नाही. मी फक्त दुसऱ्यांचे आवाज आत पोचवतो.

आज दुपारी ते घडलं. होय, हे सगळं आजचंच आहे.

लेक आली होती, बोलायच्या बाईही होत्या. बाईंनी काकूंचं कौतुक केलं, म्हणाल्या, लवकर उपचार मिळाले असते तर याहून पुढे गेल्या असत्या. झालं. लेकीची नेहमीची जखम उघडली.

"काय सांगू तुम्हाला, आमच्या आईला स्वतःबद्दल बोलायचं माहीतच नाही. त्या दिवशी बाबा घरातच होते. हाक मारायची ना."

काकूंनी डावा हात उचलला. "सां... सां..." चेहरा लाल झाला. "सां..."

"हो हो, आई. राहू दे," लेक म्हणाली. "दमशील."

ते "हो हो" माझ्यातून काकांच्या कानात गेलं. हुबेहूब त्यांचंच होतं, तीच मान, तोच सूर. काकूंनी गादीवर मूठ आपटली. तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. आणि लेक आईचे डोळे पुसत म्हणत राहिली, हो हो, हो हो.

"ती सांगत होती," काका म्हणाले.

लेक वळली. "काय?"

"त्या सकाळी. ती माझ्यापुढे उभी राहून सांगत होती. हात असा धरला होता. मी हो म्हणालो."

"काय सांगत होती?"

"ते मला माहीत नाही. मशीन खिशात होतं."

बोलायच्या बाईंनी आपली पिशवी उचलली, हलकेच बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

"तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, काही बोलली नाही," लेक म्हणाली.

"हो."

"आणि मी इतके दिवस तिला बोल लावत होते. इथेच, तुमच्यासमोर. ते ऐकत होतात तुम्ही?"

"हो," काका म्हणाले. "तेव्हा मशीन कानात होतं."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली नाही. ती आईच्या उशाशी बसली, आपलं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं आणि म्हणाली, "आई, चुकले गं मी." काकूंनी डाव्या हातानं तिच्या पाठीवर थोपटलं. मग लेक उठली आणि काकांकडे न बघता चपला घालून निघून गेली. पुन्हा केव्हा येईन ते सांगितलं नाही. दर वेळी सांगते, आज नाही.

काका पलंगाजवळच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "त्या एकाच दिवशी नाही गं. नेहमीच असायचं. तू बोलायला लागलीस की मी काढून ठेवायचो."

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"माहीत... होतं."

काकांची मान खाली गेली. "माहीत होतं? मग कशाला बोलायचीस? भिंतीशी बोलावं तसं?"

काकूंना वेळ लागला. प्रत्येक शब्द त्या खोल कुठूनतरी ओढून काढत होत्या.

"मला," त्या म्हणाल्या. आणि छातीवर हात ठेवला. "बोललं... की... दिसायचं. मला... बरं वाटायचं." मग थोडं थांबून, "तुम्हाला... नव्हतंच."

माझं कोडं सुटलं. साबण, मोजे, बाळाचा दात, सगळं ही बाई स्वतःला सांगत होती, निसटून जाऊ नये म्हणून. काकांनी श्वास सोडला. लांब, खोल. जिवावरचं ओझं उतरल्यासारखा. मी तो अगदी जवळून ऐकला, आणि मला त्यांचा राग आला. इतक्या स्वस्तात सुटलात, काका?

पण काकूंचं संपलं नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, मांडीवर घेतला आणि काकांकडे रोखून पाहिलं.

"त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला."

एवढंच. काकांनी तोंड उघडलं. जिभेवर ते जुनं "हो" आलं होतं, मला घशातली हालचाल कळली. त्यांनी ते गिळलं. दोन्ही हातांनी तोंड झाकून ते रडले. काकू बघत राहिल्या. त्यांनी "असू द्या" म्हटलं नाही. म्हणण्याइतके शब्द त्यांच्याकडे आता आहेत, पण त्या म्हणाल्या नाहीत.

आता संध्याकाळ व्हायला आलीय. माझं म्हणाल तर मी थकलोय. टवका उडालाय, नळी पिवळी पडलीय, दुकानदार म्हणतो नवीन घ्या. घेतील, घ्यायला हवंच. पाहुण्यासारखं आलेलं मशीन एक दिवस जायचंच. जाताना तुमच्याकडे काही मागावं असा माझा अधिकार नाही, तुमचे कान धडधाकट आहेत. तरी एक मागतो. घरात कोणी तुम्हाला काहीतरी फुटकळ सांगायला आलं, तर मान हलवण्याआधी एकदा त्याच्या हातांकडे बघा.

काकांनी तोंड पुसलं. मला बोटानं दाबून नीट बसवलं, खुर्ची आणखी पुढे ओढली. इतकी पुढे, की गुडघे पलंगाला टेकले.

"काय म्हणाली होतीस त्या दिवशी?" ते म्हणाले. "मला ऐकायचंय. तुला लागेल तेवढा वेळ घे."

ते वाक्य मला पाठ आहे. पण ते सांगायचा हक्क माझा नाही. काकू डोळे मिटून शब्द शोधतायत, आणि काका मान अजिबात न हलवता बसलेत. आता मला गप्प बसू द्या. काकूंचे ओठ उघडलेत.